अखेर फाटक उघडले

बसा. चहा होईपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. हसू आले तर संकोच न करता हसावे. मात्र शेवटी मी गप्प झालो, तर कारण विचारू नये.

माझे शिक्षण रद्दीत झाले. सातवीत शाळा सुटली आणि मी वडिलांच्या किराणा दुकानात बसू लागलो. पुड्या बांधायला तेथे जुनी वर्तमानपत्रे येत. कागद वाचून झाल्याशिवाय मी त्यात साखर ओतत नसे, मग गिऱ्हाईक कितीही खोळंबो. जगातल्या कित्येक घडामोडी मला अर्ध्याच कळल्या, कारण उरलेला अर्धा भाग कोणाच्या तरी घरी हळदीसोबत गेलेला असे. परंतु त्या रद्दीने मला दोन गोष्टी दिल्या : शुद्ध मराठी आणि पहिल्या पानाविषयी आदर. जे पहिल्या पानावर येते ते महत्त्वाचे, आतल्या पानांवरचे किरकोळ. आणि जे छापूनच आले नाही, त्याची चर्चा ती काय करावी?

पुढे मी दुकानाबाहेर एक फळा लावला आणि रोज त्यावर दिवसाची मुख्य बातमी लिहू लागलो. मालवणच्या बाजारात जाणारी-येणारी माणसे ती वाचत आणि दिवसभर तेच बोलत. वाडीने आज कशाची काळजी करावी, हे माझ्या खडूवर ठरत असे. याचा मला अभिमान होता.

तो फळा बस्त्यावने करून दिलेला. बस्त्याव सुतार. चर्चच्या पलीकडे तो आणि त्याची बायको रोझी, दोघेच राहत. मुलगी लग्न होऊन म्हापशाला गेलेली. रोज संध्याकाळी तो माझ्या पडवीत टीव्हीवरच्या बातम्या पाहायला येई. बातम्या मी समजावून सांगत असे आणि त्या त्याला पटत नसत.

"भाऊ, साकवाची फळी मोडली. ती खंय लिवतलस?"

"ती बातमी नव्हे, बस्त्याव. ती गैरसोय आहे."

"आणि कोण खाली पडलो तर?"

"कोण पडतो, त्यावर अवलंबून आहे."

"म्हणजे पडाक पण मोठो माणूस होयो," असे म्हणून तो दुसऱ्या दिवशी ओढ्यावर जाऊन स्वतःच फळी ठोकून आला.

त्याने मोबाइल घेतला तेव्हा लेखनाचे धडेही मीच दिले. तो लिही, 'बस्त्याव जेवलंय.' मी सांगितले, "घरात 'जेवलंय' म्हण. लिहिताना मात्र 'मी जेवलो' असे लिहावे. आणि निरोपात स्वतःचे नाव घालू नये. ते फोन सांगतोच." त्याने निम्मे ऐकले. क्रियापद सुधारले, नाव तसेच ठेवले. मग निरोप येऊ लागले : 'बस्त्याव जेवलो.' 'बस्त्याव न्हालो.' एकदा तर 'बस्त्याव झोपलो.' झोपलेला माणूस निरोप कसा पाठवतो, हे मी त्याला विचारले होते. ती चूक व्याकरणाची नव्हती, म्हणून सोडून दिली.

आता फाटकाकडे येतो. मध्यंतरी कुठल्याशा राज्यातले काही आमदार एका हॉटेलात जाऊन बसले. राज्य आपले नव्हे, आमदार आपले नव्हेत. परंतु सगळ्या वाहिन्या त्या हॉटेलचे बंद फाटक दाखवू लागल्या. सकाळी फाटक, दुपारी फाटक. तेथला पहारेकरी मला जावयाइतका ओळखीचा झाला. तो जांभई देई तेव्हा निवेदक तिचा अर्थ सांगे. फळ्यावर मी रोज लिहीत होतो, 'फाटक अद्याप बंद'. बाजाराला निघालेल्या बाया एकमेकींना विचारत, "उघाडला काय गो?"

नेमका तेव्हाच बस्त्याव छातीच्या दुखण्याने घरी पडून होता. त्याचा फोन आला.

"भाऊ, माका बरा नाय. जरा येवन जा. बसाया."

"येतो. फाटक उघडले की निघालोच."

"तां फाटक तुझ्या सोयऱ्यांचा काय रे?"

"देशाचे लक्ष लागले आहे, बस्त्याव."

"बरा. मगे देशाक बघून झाला काय ये." तो हसला आणि खोकला. "बरो झालंय काय म्हापशाक लेकीकडे जातलंय. त्याच्या आधी ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या फोनवरून निरोप आला : 'बस्त्याव गेलो.'

मला राग आला. सांगितल्याशिवाय म्हापशाला गेला, हे शिष्टाचाराला धरून नव्हते. क्रियापद मात्र शुद्ध होते. मी उत्तर लिहिले, 'न भेटता गेलास, हे बरे झाले नाही. सुखरूप पोहोचल्यावर कळव. तिकडची व्यवस्था कशी आहे, तेही सविस्तर लिही.'

चर्चची घंटा वाजत होती. एकेक ठोका, थांबून थांबून. निवेदकाचे ऐकू येईना, म्हणून मी खिडकी लावून घेतली.

आणि फाटक उघडले. आमदार हात हलवत बाहेर आले. मी लगबगीने जाऊन फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले : 'अखेर फाटक उघडले. सर्व सुखरूप.'

संध्याकाळी आमची मंडळी बाजारातून परतली. पिशवी खाली न ठेवताच ती म्हणाली, "बस्त्याव गेलो, आयकलात?"

"ठाऊक आहे. त्याने कळविले."

"कोणी?"

"बस्त्यावने. स्वतः."

"खुळावलात काय? खंय गेलो म्हणान कळवल्यान?"

"म्हापशाला."

तिने पिशवी खाली ठेवली. माझ्याजवळ येऊन बसली आणि अगदी हळू म्हणाली, "अहो, रोझीन लिवल्यान तां. बस्त्याव *गेलो*."

आपल्या मालवणीत 'तो गेला' याला 'तो गेलो' म्हणतात, हे मला शिकवावे लागत नाही. जन्मभर हीच भाषा कानांवर आहे. पण लिहिलेले अक्षर शुद्धच वाचायचे, ही माझी शिस्त.

सकाळी बस्त्यावला नेले. वाट माझ्या दुकानावरून जाते. फळ्यासमोर रोझी थांबली, म्हणून सगळेच थांबले. तिने एकेक अक्षर लावून वाचले. अखेर फाटक उघडले. सर्व सुखरूप.

तिने आभाळाकडे पाहून छातीवर क्रूस केला आणि ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमचो मेसेज पण वाचलंय. पोचल्यार कळव म्हणान लिवलात. रात्री सगळ्यांका वाचून दाखवलंय." तिने पदराने डोळे पुसले. "तेच्यासाठी इतक्या बरा कोणी बोलूक नाय."

मी तोंड उघडले. बायकोने माझा हात घट्ट दाबला.

त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फाटक होते, पहारेकऱ्याची मुलाखतसुद्धा होती. मी शेवटच्या पानापर्यंत शोधले. बस्त्याव कोठेही नव्हता. त्यांना दोष काय द्यायचा? तो माझ्या फळ्यावरही नव्हता, आणि फळा तर त्यानेच केलेला होता.

मी फळा पुसला आणि लिहिले : 'बस्त्याव गेलो.' एवढेच. शुद्ध करावेसे वाटले नाही.

थोड्या वेळाने शाळेत नव्याने बदलून आलेले गुरुजी साबण घ्यायला आले. ते घाटावरचे, आपली बोली त्यांना नवीन. फळा वाचून त्यांनी हसतमुखाने विचारले, "काका, आपलं नाव बस्त्याव का? कुठे गेला होता?"

एरवी मी त्यांना तासभर व्याकरण सांगितले असते.

"कुठेच नाही," मी म्हणालो. "इथेच होतो. फाटक बघत बसलो होतो."