एतेल्विनामावशीच्या दारावरची जिएश्ता

आमच्या पोर्तुगालच्या डोंगरात जिएश्ता म्हणजे नुसतं पिवळ्या फुलांचं झुडूप नव्हे. तिचे खराटे होतात, तिच्या काटक्यांवर चूल पेटते, गुरांखाली अंथरायलाही तीच. आणि एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी तिची फुललेली डहाळी दारावर खोचली की वर्षभर घरात अरिष्ट शिरत नाही. गेल्या वर्षीची काढून गावच्या पावभट्टीत टाकायची. वाळकी दारावर ठेवणं वाईट.

ती भट्टी एतेल्विनामावशी जिएश्ताच्या खराट्यानं झाडायची. "पावाला राख लागली तर नवऱ्यावर डाफरू नका, मला शिव्या द्या," पाव भाजायला आलेल्या बायकांना म्हणायची.

एकोणीसशे त्रेसष्ट साली तिच्या मुलानं, अबीलिओनं, दारावर डहाळी खोचली आणि दुसऱ्याच दिवशी तो डोंगर ओलांडून फ्रान्सला पळाला. आफ्रिकेतल्या लढाईचं बोलावणं आलं होतं. परतला असता तर सरळ तुरुंगात. तेव्हापासून मावशी दर वर्षी नवी डहाळी खोचायची, वर्षानं ती जाळायची. अबीलिओची मात्र काढायची नाही.

"अगं, घरावर संकट ओढवून घेशील," माझी आई तिला म्हणायची.

"यायचं ते येऊन गेलं. ज्यानं लावली तोच काढेल."

वाऱ्यापावसानं त्या डहाळीच्या नुसत्या काड्या उरल्या, तर मावशीनं त्या दोऱ्यानं बांधल्या. आम्ही पोरी हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

चौऱ्याहत्तरमध्ये सरकार उलथलं, पळालेल्यांना माफी मिळाली. जूनमध्ये अबीलिओ आला, टक्कल पडलेला, पायात चकचकीत बूट. मी समोर कपडे वाळत घालत होते. मावशी भट्टीवर होती. त्यानं दारावर पाहिलं, "काय हा कचरा!" म्हणत काड्या ओढल्या आणि रस्त्यावर फेकल्या. माझ्या तोंडून "अरे, थांब!" निघेपर्यंत मावशी खराटा घेऊन वळणावर पोचली होती.

वाटलं, आता खराटा त्याच्या पाठीत बसणार. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग काड्यांकडे.

"काढलीस?"

"वाळून काटकी झाली होती, आई. कुणी लावली होती?"

"तूच रे, गाढवा!"

आणि ती पायरीवर बसून ढसाढसा रडली. अकरा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. अबीलिओ तिच्याशेजारी बसला.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, रस्त्यावरची काडी न् काडी वेचून एप्रनमध्ये घेतली आणि खराटा त्याच्या हातात दिला.

"चल, भट्टी अजून गरम आहे."