निळ्या मानेचा मोर आधीचा की नंतरचा

पुराव्यावाचून कोणास लबाड ठरविणे हा माझ्या मते लबाडीहूनही मोठा गुन्हा आहे. आणि तो आमच्या वऱ्हाडातील प्रतिष्ठित मंडळी भर बाजारात, पान चघळीत, करितात. या विषयावर मी आजवर इतकी पत्रे लिहिली की माझ्या दौतीला कोरडे होण्यास सवड मिळाली नाही. उत्तरे फार थोडी आली. परंतु एका प्रकरणाचे उत्तर मला कागदावर मिळाले नाही, शेणामातीत मिळाले. ते येथे सांगतो.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या कापसावाचून चैन पडेना, त्या वर्षांतील ही हकीकत. मी तेव्हा अमरावतीस वकिली करीत असे. कापूस गाड्या भरभरून जाई आणि त्याच वाटेने विलायती कापड येई. प्रत्येक थानाच्या वरच्या घडीवर तळहाताएवढे एक रंगीत चित्र डकविलेले असे. गिरणीचे नाव कोणास वाचता येत नसे, म्हणून लोक चित्रावरूनच माल मागत. "हत्तीचं दाखवा," "घोड्याचं नको," असा बाजार चाले. सर्वांत मानाचे थान मोराचे. लग्नात मुलीला मोराचे थान आले नाही तर विहिणी नाक मुरडीत.

हा मोर हिरव्या मानेचा. परंतु एका लग्नसराईत अकोल्याच्या एका दुकानदाराने जी थाने विकली, त्यांवरचा मोर निळ्या मानेचा निघाला. झाले! तेथील कापडवाल्यांच्या पंचांनी ठरविले की, हलक्या कापडावर याने खोटी चित्रे चिकटविली. संक्रांतीच्या बाजारापर्यंत याने आपला खरेपणा सिद्ध करावा. न केल्यास त्याच्या दुकानाचा मांडव उतरवावा आणि कोणी अडत्याने त्याला मालाचे गाठोडे देऊ नये.

तो दुकानदार माझ्याकडे आला तेव्हा त्याने बगलेत दोन थाने आणली होती, एक निळ्या मोराचे आणि एक हिरव्या. बायको वारलेली, दोन मुली लग्नाच्या, आणि दुकानावाचून दुसरा आधार नाही.

"मांडव उतरला की माणूस उतरला, वकीलसाहेब," तो म्हणाला. "माल माझा जुना आहे. लढाईच्या तोंडावर घेतलेलं एक गाठोडं मागं पडून होतं. मंग हिरवा मोर आला, लोक तोच मागत, म्हनून ते उघडलंच नाही. यंदा माल कमी पडला तं बाहेर काढलं."

"हे पंचांना सांगितलेत?"

"सांगितलं. ते हासले."

हासले! निवाडा देणाऱ्याने हसावे, हे कोणत्या कायद्यात बसते? मी त्याच दिवशी पंचांतील मुख्य शेटजींना एक कडक पत्र धाडले. मग मात्र राग बाजूस राहिला आणि मी ती दोन चित्रे खिडकीशी नेऊन भिंग लावून पाहात बसलो. खरे सांगायचे तर संध्याकाळची संध्या त्या दिवशी उशिरा झाली.

मुंबईस मी शिळाछापखाना पाहिला होता. रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागतो, आणि कागद एकेका दगडावरून पुन्हा पुन्हा काढावा लागतो. एखादा दगड केसभर सरकला की रंग रेषेबाहेर सांडतो. दोन्ही मोरांच्या डाव्या पायाचे मागचे नख अर्धवट तुटलेले होते, अगदी एकाच जागी. म्हणजे काळ्या रेषांचा दगड एकच. आणखी नवल असे की, हिरवी मान वास्तविक हिरवी नव्हतीच. खाली निळा रंग आणि त्यावर पिवळा. तो पिवळा मानेच्या रेषेबाहेर आभाळात थोडा सांडलाही होता. मी आनंदाने मांडीवर थाप मारली. निळ्या मोरावर पुढे कोणी पिवळा चढविला, तोच हिरवा झाला! निळा आधीचा!

हे सारे मी अकोल्यास जाऊन शेटजींपुढे मांडले. शेटजी वयाने माझ्याएवढे, अंगाने दुप्पट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"तुटकं नख नक्कल करनारा बी तुटकंच काढीन," ते म्हणाले. "अन् पिवळा वरून चढवला, का खोटं करनाऱ्यानं पिवळा वाचवला? एक रंग कमी म्हंजे खर्च कमी. सांगा."

युक्तिवाद बरोबर होता, आणि त्यामुळेच माझे मस्तक अधिक तापले.

"निदान एवढे तरी मान्य करा," मी म्हटले, "की खरा मोर निळ्या मानेचा असतो."

"विलायतेत कोनी मोर पाहिला, महाराज?" मंडळी खो खो हसली.

त्या हसण्यात शेटजी एक वाक्य बोलून गेले, ते मी पकडले. हिरवा मोर या बाजारात लढाई सुरू झाल्यावर त्यांनी स्वतः प्रथम आणला, त्याआधी मोराचे थानच वऱ्हाडात नव्हते, असे ते फुशारकीने म्हणाले. मी ते सर्वांसमक्ष पुन्हा वदवून घेतले. आता प्रश्न एका टोकावर आला. जे चित्र अजून जन्मलेच नव्हते त्याची नक्कल कोण करील? लढाईपूर्वीचा एक जरी निळा मोर वऱ्हाडात सापडला, तर दुकानदार सुटला. पण थान फाडले, शिवले, विटले की चित्र कोण जपून ठेवतो?

परतताना गाडीत मला आठवले. मोर्शीकडे माझे एक अशील आहेत, काळ्या जमिनीचे जुने कास्तकार. त्यांच्या बांधाच्या तंट्यात मी त्यांच्या घरी राहिलो होतो. तेथे माजघरात ज्वारीची मोठी कणगी आहे, तट्ट्याची विणलेली, बाहेरून शेणामातीने लिंपलेली. त्या घरात मुलीचे लग्न झाले की, सासरी निघताना तिच्या लग्नाच्या थानावरचे चित्र त्या कणगीवर चिकटवितात. लेक गेली तरी तिची खूण धान्यापाशी राहावी, म्हणून. त्या चित्रांत मी मोर पाहिले होते. कोणत्या मानेचे, ते तेव्हा पाहिले नव्हते.

मी शेटजींना लेखी आव्हान दिले की, स्वतः येऊन पाहावे. माणूस गर्विष्ठ, पण पळपुटा नव्हे. शिवाय त्या घरचा कापूस तेच घेत. ते आले. दुकानदारही आला. त्या कास्तकाराची म्हातारी आई माजघराच्या दारातच उभी होती. तिने कंदील वर धरला आणि आम्ही तिघे कणगीपुढे उभे राहिलो.

एका ओळीत चार चित्रे. डावीकडून पहिला हिरवा मोर, दुसरा हिरवा मोर, तिसरा हत्ती, आणि शेवटी निळा मोर.

दुकानदाराने खालचा ओठ दातांत धरला. शेटजींनी हात जोडले, मला नव्हे, कणगीला.

"झालं, वकीलसाहेब. निळा शेवटला. तुमच्या पुराव्यानंच सांगितलं."

मी काही बोलणार, तोच म्हातारी कडाडली.

"तिकून काहून पाहून राहिले जी तुमी? पोरगी काय उलटी फिरते कणगीभोवती?"

"म्हणजे, माय?"

"देवाले कसे फिरता? तसंच. उजवा हात कणगीकडं. या खालच्या तोंडापासून निंगाचं, अन् जिथं मागलं चित्र सरते तिथं आपलं लावाचं. निळा मोर माह्या थोरल्या नातीचा. हिरवे दोन्ही मागून झाले. तुमी पुरुष मानसं भिंतीवरबी पोथी वाचता!"

आणि खरेच! कणगी उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालणारी मुलगी, कणगीकडे तोंड करून पाहिले तर, उजवीकडून डावीकडे सरकते. आम्ही तिघेही शिकलेले. अक्षरे डावीकडून वाचतो म्हणून चित्रेही तशीच वाचीत होतो. आणि थोरल्या नातीचे लग्न लढाईची बातमी येण्यापूर्वीचे, हे शेटजींना माझ्याइतकेच ठाऊक होते, कारण त्या लग्नात ते जेवून गेले होते.

परंतु शेटजी सहज हार मानणारे नव्हते. "माय तुमच्या अशिलाची," ते हळूच म्हणाले. "तुमच्याच बाजूनं बोलन."

हरकत कायदेशीर होती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तीच घेतली असती. मी संतापाने कणगीवर हात टेकला, आणि तो हात तेथेच थांबला.

बोटाला एक कड लागली. मी दुसऱ्या चित्राभोवती बोट फिरविले, मग तिसऱ्याभोवती. दरवर्षी नवी ज्वारी भरण्यापूर्वी कणगी लिंपतात. पण चित्रावर हात जाऊ देत नाहीत, भोवतीने वळवितात. म्हणून दर वर्षाचा लेप चित्राभोवती चढत जातो आणि चित्र कोनाड्यात बसल्यासारखे आत राहाते. डावीकडच्या टोकाच्या हिरव्या मोराभोवती कड जेमतेम जाणवे. त्याच्या शेजारच्याभोवती थोडी अधिक. हत्तीभोवती आणखी. निळा मोर तर इतका खोल होता की, माझ्या बोटाचे नख पूर्ण बुडाले.

"शेटजी," मी म्हटले, "माय माझ्या बाजूची असेल. हे शेण कोणाच्या बाजूचे आहे ते आपण बघा."

शेटजींनी अंगठी काढून ठेवली. डावीकडून उजवीकडे बोट फिरविले, मग उजवीकडून डावीकडे, मग निळ्या मोरापाशी बराच वेळ ते बोट तसेच राहिले.

"हा पह्यला," अखेर ते म्हणाले.

दुकानदाराने कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलून पुढे केला. त्याच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे : "शेटजी, बोट धुऊन घ्या. शेन लागलं."

म्हातारी इतकी हसली की कंदील हलला आणि चारही चित्रे नाचल्यासारखी दिसली.

पंचांनी माफी मागितली नाही. ती लेखी मागावी म्हणून मी पत्रे धाडली. त्यांना उत्तर नाही. गिरणीच्या मुंबईतील अडत्यालाही मी पुसले की, निळ्या मानेवर पिवळा दगड का चढविला. हिरवा लोकांना अधिक आवडेल असे वाटले, की आणखी काही कारण? त्याचेही उत्तर नाही. या प्रश्नाने मला आजही स्वस्थता नाही.

संक्रांतीच्या बाजाराला मी मुद्दाम अकोल्यास गेलो. मांडव जागच्या जागी होता, नव्या दोऱ्यांनी ताणून बांधलेला. निळ्या मोराची उरलेली थाने दुकानदाराने दर्शनी मांडली होती आणि 'पहिल्या छापाचं' म्हणून बायका तीच मागत होत्या. शेटजी तेथे उभे होते. निळा मोर आणण्याचे घरून फर्मान असावे. त्यांनी एक थान उचलले आणि बोलत बोलत त्यांचे बोट चित्राच्या चारी बाजूंनी फिरू लागले. कोऱ्या कापडावर ते कड शोधीत होते.