मुराळी न आलेल्यांचा फेर

नागपंचमी जवळ आली की पळसदेवच्या रस्त्याला बैलगाड्यांची वर्दळ वाढायची. सासरी नांदणाऱ्या लेकीला सणासाठी न्यायला कुणाचा भाऊ यायचा, कुणाचा चुलता, कुणाचा म्हातारा बाप. या न्यायला येणाऱ्या माणसाला आमच्याकडे मुराळी म्हणतात. मुराळी येणार असला की त्या घरातली सून दोन दिवस आधीपासूनच पाय जमिनीला न टेकता वावरायची. आणि ज्या घरी तो यायचा नाही, त्या घरातली सून पाण्याला जाताना उगीचच लांबच्या वाटेनं, रस्त्याकडेनं जायची.

धोंडाबाईला तशी लांबची वाट कधी धरावी लागली नव्हती. ती कळसची. आई ती लहान असतानाच गेली, तेव्हा धाकटा भाऊ महिपती रांगत होता. त्याला कडेवर घेऊनच ती भाकरी थापायला शिकली. पुढे तिचं लग्न पळसदेवच्या कुंडलिकशी झालं. नदीकाठी त्यांचा मळा होता. मोटेच्या पाण्यावर वांगी, मिरच्या, घेवडा पिकवायचे आणि इंदापूरच्या बाजाराला न्यायचे. नंतर बापही गेला. तेव्हापासून धोंडाबाईचं माहेर म्हणजे एकटा महिपती. मिसरूड फुटल्यापासून दर पंचमीला तो गाडी जुंपून यायचा, बैलांच्या शिंगांना गोंडे बांधून, गाडीत वाकळ अंथरून.

बावन्न साली पाऊस रुसला होता. नदीला पाणी होतं ते वरच्या मावळातलं. इकडे मोट एक दिवस थांबली तरी मिरची मान टाकायची. पंचमीच्या आदल्या दिवशी महिपती आला तेव्हा मिरचीची तोडणी ऐन भरात होती. दारात सासू गोजरबाई बसली होती. उन्हानं आणि काळजीनं ती आधीच तापलेली. महिपतीनं खांद्यावरची घोंगडी काढायच्या आत तिनं त्याला ऐकवलं.

"तुमच्यात सण हाय, आमच्यात तोडणी हाय. आयत्या वेळंला येऊन हुबं ऱ्हायचं, ह्याला नातं म्हणत न्हाईत. जशी आणलीस तशी गाडी परत ने."

महिपती तरणा होता, मानी होता. ओसरीवर ठेवलेल्या तांब्याला त्यानं हात लावला नाही. एवढंच म्हणाला, "ह्या उंबऱ्यावर पुन्यांदा पाय ठेवायचा न्हाय मी," आणि गाडी वळवली.

धोंडाबाई तेव्हा मळ्यात होती. बांधावरून तिनं भावाची गाडी जाताना पाहिली. तिला वाटलं, बैलांना पाणी पाजायला नदीवर चालला असेल. तिनं हात धुतले, केस सारखे केले आणि बांधावर उभी राहिली. गाडी नदीकडे वळलीच नाही. रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

घरी आल्यावर काय झालं ते तिला कळलं. त्या दिवशी तिचा भावासाठीचा उपास होता. नागचतुर्थीला बायका तो धरतात. संध्याकाळी कुंडलिकनं तिला काहीतरी खाऊन घे म्हणून विनवलं. त्याला आईपुढे तोंड उघडता येत नसे, पण बायकोचं दुःख त्याला दिसत होतं. तो म्हणाला, पुढल्या वर्षी येईल तो, राग काय कायमचा असतो.

पुढल्या वर्षी महिपती आला नाही. कुंडलिकनं बाजारात भेटलेल्या कळसच्या माणसांबरोबर निरोप धाडला, त्यालाही उत्तर आलं नाही. महिपतीचं लग्न झालं, सिंधुबाई नावाची मुलगी त्यानं केली, हे धोंडाबाईला कासाराकडून कळलं. कासार बांगड्या भरताना सहज बोलून गेला. हातात बांगड्या चढत होत्या म्हणून तिला हात सोडवून घेता आला नाही. नाहीतर ती उठून आत गेली असती.

त्या वर्षी चतुर्थीला ती एकटीच नदीकाठच्या देवळात जाऊन बसली. नाग करायला तिनं काठावरची चिकणमाती घेतली होती. थोड्या वेळानं धनगरवाड्यातली सारजा आली. सारजाचा भाऊ मेंढरं घेऊन कोकणात उतरला तो तापानं तिकडेच गेला होता. तीही माती घेऊन बसली. मग आणखी एक सून आली, मग आणखी. कुणाला माहेरच उरलं नव्हतं, कुणाच्या माहेरी भावजयीचा जाच होता, कुणाचं माहेर इतकं लांब की गाडीला परवडू नये. पहिल्यांदा बोलणं सुरू झालं आणि बोलता बोलता ते भावावर आलं. सारजा रडू लागली, तिच्या पाठोपाठ बाकीच्या. हातातल्या मातीचे नाग तसेच अर्धवट राहिले.

धोंडाबाई म्हणाली, "बायांनो, हात मातीत हायेत तवर कुणी बोलू नका. आधी नाग हुंद्यात."

मग कुणी बोललं नाही. पाण्याचा आवाज होता, आणि ओल्या मातीवर अंगठा फिरल्याचा. सारजानं फणा करायला घेतला, तो मोडला, पुन्हा केला. तिच्या हाताला मेंढराच्या पिल्लांची सवय. तिचा नाग गुबगुबीत झाला, कोकरासारखा. तो पाहून एकजण हसली आणि मग सगळ्याच हसल्या, सारजाही.

असा तो पायंडा पडला. चतुर्थीला देवळात गप्प बसून माती, आणि पंचमीला वारूळ पुजून झालं की देवळापुढच्या मोकळ्या जागेत फेर. गाणं त्यांनी त्यांचं रचलं. फेरात प्रत्येकीनं आपल्या माहेरच्या गावाची एक ओळ घालायची, मनाला येईल तशी. सगळ्यांची गावं होईपर्यंत हात सोडायचे नाहीत, एवढा एकच नियम. धोंडाबाई फेर धरणारी, म्हणून तिची पाळी शेवटी. तिची ओळ अशी होती:

"कळसाच्या वाटंला गं धुरळा कुणाचा उडतो,
डोळं लावून बसले मी, वारा एकला वाहतो."

गोजरबाईला हे थेर आवडत नव्हते. पण पाण्यावरून, बांधावरून एकमेकींशी कचाकचा भांडणाऱ्या घरांतल्या सुना त्या दोन दिवसांनंतर पुष्कळ दिवस नीट बोलतात, हे तिच्याही नजरेला आलं होतं. छप्पन्न सालच्या चतुर्थीला ती सुनेला कामासाठी हाक मारायला देवळात गेली. आत सगळ्या गप्प बसलेल्या. ओरडावं तर कुणी मान वर करीना. ती दारात उभी राहिली, मग टेकली. शेजारी मातीचा गोळा होता. तिनं तो उगीच हातात घेतला.

ती संध्याकाळपर्यंत तिथंच बसली. दुसऱ्या दिवशी फेरातही आली, कुणी बोलावलं नसताना, पदर खोचून. तिची पाळी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं म्हातारी पुढे ढकलेल. ती हळू आवाजात म्हणाली:

"केत्तूर माझ्या बाई नदीच्या पल्याड,
नाव आली, नाव गेली, भाऊ न्हाय येत अल्याड."

साठीच्या बाईलाही माहेर असतं हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. केत्तूर नदीपलीकडे करमाळ्याच्या बाजूला. गोजरबाईचे दोन्ही भाऊ प्लेगात गेले होते, आणि त्यानंतर तिला न्यायला त्या काठावरून कुणी आलं नव्हतं. हे कुंडलिकलासुद्धा पुरतं ठाऊक नव्हतं. घरी परतल्यावर धोंडाबाईनं सासूच्या पायाला लागलेला चिखल धुतला.

अठ्ठावन्नची पंचमी. पाऊस बरा होता, नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. फेर रंगात आला होता. धोंडाबाईच्या एका हाताला सारजा, दुसऱ्या हाताला गोजरबाई. फिरता फिरता तिची नजर देवळाच्या पायरीकडे गेली. तिथं फेटा बांधलेला एक माणूस बसला होता. फेर पुढे सरकला, तिची पाठ वळली. पुन्हा पायरी समोर आली तेव्हा तिनं नीट पाहिलं. अंग भरलं होतं, चेहरा रापला होता. पण बसण्याची ढब तीच, एक गुडघा छातीशी घेऊन. लहानपणी चुलीपुढे भाकरीची वाट बघत तो असाच बसायचा.

तिचे हात सुटायला आले, पण सारजानं आणि सासूनं दोन्हीकडून ते घट्ट धरले होते. अजून पुष्कळ गावं बाकी होती. ती फिरत राहिली. पायरी यायची आणि जायची. दर वेळी तिला वाटे, पुढच्या फेऱ्याला तो तिथं नसेल. दर वेळी तो असे. एकदा तो फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होता.

सगळ्यांची गावं झाली, कळसची पाळी आली. धोंडाबाईनं तोंड उघडलं, पण ओळ बाहेर पडेना. फेर तसाच पावलांवर चालू राहिला. मग सारजानं तिची ओळ उचलली आणि मागोमाग सगळ्या बायकांनी म्हटली. कित्येक वर्षं ऐकून ती त्यांना पाठ झाली होती. ओळ संपली आणि हात सुटले.

महिपती उठून पुढे आला.

"आक्का, गाडी आणलीया," तो म्हणाला.

"तुला कुणी धाडलं?"

त्यानं गोजरबाईकडे पाहिलं. म्हातारी पलीकडे तोंड करून उभी होती. आषाढात कुंडलिक तिला देवाला म्हणून गाडीतून घेऊन गेला होता. देव कुठला ते धोंडाबाईला आत्ता कळत होतं. गोजरबाई कळसला जाऊन महिपतीच्या ओसरीवर बसली होती. सिंधुबाईनं वाढलेली भाकरी तिनं खाल्ली होती आणि म्हणाली होती, की तू माझ्या घरचं पाणी प्यायला नव्हतास, मी तुझ्या घरचं अन्न खाल्लं. आता बहिणीला न्यायला ये.

धोंडाबाई त्याच संध्याकाळी कळसला गेली.

सिंधुबाईनं तिचं मनापासून केलं. डोक्याला तेल लावलं, आवडीनिवडी विचारल्या, चोळीला खण घेतला. महिपती बाहेरून आला की पहिली हाक "आक्का" अशी द्यायचा. इतकी वर्षं जे मनात धरलं होतं ते सगळं जागच्या जागी होतं. तरी धोंडाबाईला काहीतरी हुकल्यासारखं वाटत राहिलं. तिच्याबरोबरीच्या मुली आपापल्या सासरी गेलेल्या. संध्याकाळी तिनं सिंधुबाईला विचारलं, फेर धरतेस का. सिंधुबाई लाजली, म्हणाली, इथं आता कोण खेळतंय, आणि मला कुठं येतंय. धोंडाबाईनं तिला अंगणात उभं करून पावलं दाखवली. दोघींचा फेर होत नाही. चार पावलं टाकून दोघी हसल्या आणि सिंधुबाई चुलीकडे गेली.

धोंडाबाई अंगणातच राहिली. या वेळी सारजा मेंढरं वाड्यात घालत असेल, असं तिच्या मनात आलं. देवळात ठेवलेले नाग पाण्यात सोडले असतील का, गोजरबाईला कुणी पायरी उतरताना हात दिला असेल का. ती जे आठवत होती ते पळसदेव होतं, हे तिला मागाहून समजलं, आणि थोडी भीतीच वाटली.

महिपतीनं राहायचा आग्रह केला, पण ती ठरल्या दिवसाआधीच निघाली. वाटेत तो गाडी हाकता हाकता म्हणाला, "आक्का, तुला हितं करमलं न्हाय व्हय?"

"करमलं की. लई करमलं," ती म्हणाली. मग अंगाखालची वाकळ सारखी करत, "पर म्या तुझ्यासाठनं जिथं बसून वाट बघितली ना महिपा, ती जागाबी आता माझीच झालीया."

बैल आपल्या चालीनं चालले होते.

त्यानंतर महिपती दर वर्षी यायचा, पण पंचमीच्या दिवशी, फेर संपल्यावर. त्याआधी आला तरी धोंडाबाई निघत नाही हे त्याला कळलं होतं. पायरीवर बसून तो सगळी गावं ऐकायचा. कळसच्या ओळीत मात्र धोंडाबाईनं काही बदल केला नाही. एकदा सारजानं तिला विचारलं, आता तर भाऊ येतो, मग वारा एकला कशाला वाहतो. धोंडाबाई म्हणाली, वाहतो खरा, काय करू. आणि तिकडे कळसला गेली की ती पळसदेवला "आमच्यात" म्हणायची, इकडे आली की कळसला.