वरचा भार

जोसेफच्या शवपेटीवर सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. माझ्या मुठीत नेमका दगड आला. निर्मळच्या त्या दफनभूमीत असा ठक्क आवाज झाला की फादरांनी प्रार्थना थांबवून माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या मैत्रीत त्याचं दार मी कधी इतक्या जोरात ठोठावलं नव्हतं…

जोसेफ कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. मी जन्माचा भित्रा, आणि घर घेतलं ते नायगावला, खाडीकाठच्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. जिल्ह्याच्या उत्तरेला भूकंपाचे धक्के बसल्याचं कळलं की माझा फोन त्याला जायचाच.

"जोसेफ, पंखा हलतोय."

"चालू आहे ना? मग हलणारच, गाढवा!"

एकदा विचारलंच, जमिनीखाली सगळा लाव्हारस उकळतोय ना? तो म्हणाला, "नाही रे. तिथला दगड इतका तापलेला, की इथे वर असता तर वाहून गेला असता. पण डोक्यावर मैलोन्‌मैल दगडांचा भार. तो त्याला वितळू देत नाही. भार हटला, की मात्र वितळतो." मला धीर द्यायला सांगितलेलं हे ऐकून मी आठवडाभर लिफ्टमध्येही जपून पाय टाकला.

भार त्याच्यावरही होताच. कॉलेज, केळीची वाडी आणि बारा वर्षं अंथरुणाला खिळलेली आई. लग्न केलं नाही, कधी कुरकुरला नाही. गेल्या वर्षी तो निवृत्त झाला, पाठोपाठ आई गेली. नंतर भेटलो तेव्हा ओट्यावर एकटाच बसला होता.

"वर काहीच उरलं नाही रे," म्हणाला. "मला भीती वाटते."

जन्मभर माझी भीती ऐकून घेतलेला माणूस… आणि मी काय म्हणावं? "मग लोणच्याची बरणी ठेव डोक्यावर!" तो हसला. मीही हसलो आणि बस पकडली. पंधरा दिवसांत तो गेला.

परवा दुपारी जेवताना वाटीतली आमटी थरथरली. पंखा बंद होता. हात आपोआप फोनकडे गेला, त्याच्या घरचा नंबर दाबलाही. निर्मळच्या त्या रिकाम्या घरात घंटा वाजत राहिली… मला घाम फुटला. तरी बायकोला म्हणालो, "आमटी भलतीच तिखट झालीय बुवा, वाटीसुद्धा कापतेय."

तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "घाबरलात ना? मग घाबरलो म्हणा. जोसेफभावजींनी म्हटलं होतं, तर तुम्ही हसलात. बसा इथे. मीही घाबरलेय."