पोरीच्या मामाची गादी

उभ्या भंडारा जिल्ह्यात आमच्या पोरीच्या मामानं मुठीनं दाबून पाहिली नाही अशी एकही गादी नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. गोंदिया वेगळा झाला तेव्हा कोणती कचेरी कुठं जाणार या काळजीत सगळे होते. हा म्हणाला, "जिल्हे दोन काय, चार करा ना! पाठ तं एकच रायते." माझ्या बायकोचा हा थोरला भाऊ. घराणं विणकरांचं, पण याचं चित्त मागावर कधी रमलं नाही. साकोलीला हायवेच्या कडेला त्यानं फोमचं दुकान टाकलं आणि तेव्हापासून जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ त्याला खराब फोममध्ये दिसू लागलं. कुठल्या नवरा-बायकोचं भांडण कानावर आलं, की याचा पहिला प्रश्न, "गादी कोणती वापरतेत?"

कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, की चहा येण्याआधी दिवाणावर याची मूठ. दाबायचा, सोडायचा, फोम किती झटकन वर येतो ते डोळे बारीक करून पाहायचा. खड्डा तसाच राहिला, की घरात कुणी आजारी असावं तसा चेहरा करून यजमानाकडे बघायचा. मी लाखांदूरला मास्तर. आमच्या हेडमास्तरांच्या घरी तर यानं गादीची शिवण उसवून फोमचा तुकडा बोटांत चोळला. पांढरी भुकटी पडली. "पाहा सर, वजन वाढवाले पावडर घातली आहे. दोन वर्षांत याचा चुरा होते, अन् तुमच्या कंबरेचाबी!" ती गादी हेडमास्तरीणबाईंच्या माहेरून आली होती, त्याच महिन्यात. पुढं वर्षभर शाळेतली सगळी जास्तीची कामं माझ्याच गळ्यात का पडली, ते सांगायला नको.

धंद्याच्या बाबतीत तर आनंदीआनंदच. गिऱ्हाईकानं मऊ गादी मागितली, की हा भडकायचा. "नरम म्हणजे चांगला नाही हो! नरम तं चिखलबी असते. डेन्सिटी पाहा. हलका फोम पयल्या दिवशी गोड लागते, अन् वर्षात मधोमध डबकं होते." मग तो रिबॉन्डेड फोम काढायचा. कारखान्यात उरलेले रंगीबेरंगी तुकडे दाबून घट्ट केलेला, टिकायला पक्का, पण दिसायला अगदी कळकट. गिऱ्हाईक म्हणायचं, "हा तं कचरा दिसून राहिला." झालं! समजावत समजावत हा त्याच्यासोबत बसस्टँडापर्यंत जायचा. तो दुसऱ्याच्या दुकानात शिरला तरी याचं दारातून चालूच.

माझ्या पोरीवर मात्र त्याचा फार जीव. ती पाळण्यात होती तेव्हाच त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "इच्या लग्नातली गादी मामाची. मी सोता बनवीन." पुढं दर दिवाळीला ती विचारायची, "मामा, माझी गादी झाली काय?" तो म्हणायचा, "अवं पोरी, आधी नवरा तं पक्का होऊ दे. त्याचं वजन मालूम पायजे ना!"

लग्न ठरलं. व्याही गोंदियाचे, जरा टापटिपीचे. आठवडाभर आधी, माय-लेकी खरेदीला गेल्या असताना, मामा टेम्पोत गादी घालून हजर. खाली चार बोटं रिबॉन्डेड, वर दोन बोटं नरम पण दाट फोम, घरच्या मागावरच्या सुती कापडाची खोळ, आणि खोळीला तीन बाजूंनी चेन. "चेन कायले?" मी विचारलं. "कोणालेबी उघडून पाहता आलं पायजे, भाऊजी. आत काय आहे ते लपवाचं कायले?" मला पुढचं सगळं दिसू लागलं. आंदण मांडवात मांडलं, की हा व्याह्यांसमोर चेन उघडणार, ते रंगीत तुकडे दाखवणार, आणि मास्तरानं पोरीला कचऱ्याची गादी दिली हे गोंदियाभर होणार! मी गुपचूप नागपूरहून एक फुगीर, चकचकीत साटीनची गादी मागवली, आणि मामाची गादी आतल्या खोलीत तांदळाच्या पोत्यांमागे उभी करून ठेवली.

लग्नाच्या दिवशी तो आंदणापुढं येऊन उभा राहिला. साटीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. व्याही शेजारीच होते. ते म्हणाले, "मामाजी, तुम्ही तं याच लाइनीतले. कशी काय आहे गादी?" पण त्याची मूठ उठलीच नाही. "एक नंबर आहे," तो म्हणाला. "भाऊजीनं पाहूनच घेतली असन." जन्मात फोमबद्दल तो एवढं एकच खोटं बोलला, आणि तेही माझी मान खाली जाऊ नये म्हणून. मग हात धरून पोरीला मांडवात आणायला गेला.

पोरीला वाटलं, मामा शब्द विसरला. ती रुसली, त्याला फोन करणं तिनं सोडलं. आणि मी? मी त्याची गादी पोत्यांमागून काढून आमच्या खोलीत अंथरली. एकदा साकोलीत त्याला म्हणालो, "मी सांगतो तिले खरं काय ते." तो म्हणाला, "राहू द्या भाऊजी. बापावर राग धरन पोरगी. मामावर धरला तं चालते." मला हायसं वाटलं, हे कबूल करताना आज माझीच मला किळस येते. दोन वर्षांत नागपुरी गादीत मधोमध खड्डा पडला. बाळंतपणानंतर पोरगी कंबर धरून खाली सतरंजीवर झोपू लागली. माहेरी आली, की आमच्या खोलीतल्या मामाच्या गादीवर गाढ झोपायची. "कुठून घेतली हो बाबा ही?" मी म्हणालो, "साकोलीहून." तिनं तोंड वाकडं केलं. "म्हणजे मामाच्या दुकानातून. विकतच घेतली असन." मी मान हलवली. हो, हलवली! तिकडे मामा भेटला की विचारायचा, "पोरीची कंबर बरी आहे ना, भाऊजी?"

मामा एकाएकी गेला. तेरवीला आम्ही साकोलीला गेलो, तेव्हा दुकानाच्या बंद शटरपुढं उभं राहून मी पोरीला सगळं सांगितलं. चेनसुद्धा सांगितली, मांडवातलं खोटंही सांगितलं. वाटलं होतं, चिडेल, आकांडतांडव करेल. मला तेच हवं होतं. ती कुलपाकडे बघत राहिली.

"पंधरा दिवसांआधी तरी सांगाचं ना, बाबा," ती म्हणाली.