दार वाजवणारा माणूस

फेस्टी लव्हेल माझ्याकडे राहायला आला तेव्हा त्याने दार वाजवलं नाही. मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात शिरला, "या घरावर देवाची कृपा असो" म्हणाला आणि शेगडीजवळची खुर्ची ओढून बसला. मी बटाटे सोलत होते. त्यात वावगं काही नव्हतं. मीही त्याच्यासारखी आयर्लंडातल्या मेयोचीच, आमच्याकडे माणसं अशीच येतात. पण मला इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत येऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि माझा हात सुरीवर घट्ट आवळला गेला, हेही खरं.

ही १९५८ च्या मार्चमधली गोष्ट. माझं नाव डीलिया म्युनेली. नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला, तेव्हापासून मी घरात माणसं ठेवते. सहा खाटा आणि नऊ पुरुष. दिवसपाळीवाला उठला की त्याच ऊबदार गादीवर रात्रपाळीवाला आडवा व्हायचा. सगळे आयर्लंडचे, सगळे 'पुढच्या वर्षी घरी जाणार' असं म्हणणारे. माझी जीभ तिखट आहे असं ते म्हणायचे. नऊ पुरुषांना दोन वेळा जेवू घालून बघा, तुमचीही होईल.

फेस्टी अडतीस वर्षांचा, मेयोतल्याच ॲकिल बेटावरचा. लांब हातांचा, बोलघेवडा, जेवताना गोष्ट सांगायला लागला की बाकीच्यांची बटाटे घ्यायची शुद्ध हरपायची. मागे बायको ब्रीज आणि दोन मुली, नोरा आणि सीलिया. तिकडच्या पुरुषांचा जन्म ठरलेला असतो. उन्हाळा लागला की स्कॉटलंडात बटाटे काढायला जायचं आणि हिवाळ्यात परत यायचं. फेस्टीला ते नको होतं.

"बाई, सीलियाचे दुधाचे दात पडले आणि नवे आले," तो एकदा मला म्हणाला. "दोन्ही मला पत्रातून कळलं. आता सगळ्यांना इथेच आणतो. दोन खोल्या मिळाल्या की झालं."

त्या दोन खोल्यांसाठीच तो जगत होता. पण लढाईतल्या बॉम्बनी अर्धं शहर पाडलेलं. जी घरं उभी होती त्यांच्या मालकांना पोरं नको होती आणि आयरिश तर मुळीच नको होते. फेस्टीकडे दोन्ही होतं. दीड वर्ष तो नाही ऐकत फिरला. शेवटी टनिक्लिफ नावाचा एक म्हातारा भेटला. घड्याळं दुरुस्त करायचा, आता एकटाच राहायचा. माडीवरच्या दोन खोल्या द्यायला तो राजी दिसला. "पुढच्या आठवड्यात ये, बोलू," एवढं म्हणाला.

फेस्टी शनिवारी संध्याकाळी गेला. मागच्या दाराला कडी नव्हती. त्याने दार ढकललं, देवाची कृपा मागितली आणि खुर्ची ओढली. शेगडीसमोर पत्र्याच्या टबात टनिक्लिफ अंघोळीला बसला होता.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"बसलो की. आलेल्या माणसाने लगेच उठून जाणं बरं दिसतं का? म्हटलं, पाठ चोळून देऊ का."

त्या रात्री माझ्या दारात पोलीस येऊन गेला. त्याने फक्त समज दिली, पण खोल्या गेल्या. जेवणाच्या टेबलावर मोठा रुआन, फेस्टीच्याच खोलीतला, आठवडाभर त्याला सोडत नव्हता. "फेस्टी, आता महापौरांकडे जाऊन ये. त्यांचीही शनिवारीच अंघोळ असेल." सगळे हसले. फेस्टीही हसला, पण त्याने ताटातलं संपवलं नाही.

मला मात्र संताप आला होता. "अरे, दार वाजवता येत नाही तुला?"

"कडी नव्हती, बाई."

"कडी नव्हती म्हणजे आत ये असं नसतं."

"आपल्याकडे दार कोण वाजवतं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. आमच्याकडे दार पोलीस वाजवतो, नाहीतर तारवाला. दोघेही काही चांगलं घेऊन येत नाहीत. शेजाऱ्याने वाजवलं तर समजायचं की त्याने संबंध तोडले.

"हे आपल्याकडे नाही, ही कॉव्हेंट्री आहे," मी म्हटलं. "बायकापोरं हवीत ना इथे? मग शीक."

आणि मी त्याला शिकवलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच. रोज जेवण झालं की त्याला मागच्या दाराबाहेर काढायचं. तीन वेळा वाजवायचं, चौथ्यांदा नाही. वाजवलं की दोन पावलं मागे सरायचं. टोपी हातात. पुन्हा घाईने वाजवायचं नाही, थांबायचं. आधी 'तुम्हाला त्रास तर दिला नाही ना' म्हणायचं, मग हवापाण्याबद्दल बोलायचं. बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही, बसलं तरी कडेवर. चहाचा दुसरा कप नको म्हणायचं. मुलं किती आणि नसतील तर का नाहीत, हे कुणाला विचारायचं नाही.

पहिले काही महिने सगळं पालथ्या घड्यावर पाणी. "बाई, मी पावसात उभा आहे इथे," तो बाहेरून ओरडायचा.

"मग पावसाबद्दलच बोल," मी आतून म्हणायची.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. साफ खोटं आहे. मी ती घालवली, दोन हिवाळ्यांत घालवली. तो कामावरच्या इंग्रज मुकादमाच्या घरी गेला, तर मुकादमाच्या बायकोने त्याचं कौतुक केलं. मग तो माझ्या स्वयंपाकघराचं दारही वाजवायला लागला. स्वतःच्या खोलीचंसुद्धा. आत रुआन घोरत पडलेला असायचा आणि हा बाहेर टोपी हातात घेऊन उभा. रुआनने सुरुवातीला थट्टा केली, नंतर करेनासा झाला. जेवताना गोष्टीही बंद झाल्या. कुणी काही विचारलं तर फेस्टी म्हणायचा, "हवा जरा निवळली आज." मला हे दिसत नव्हतं असं नाही. मला त्याचा अभिमान वाटत होता. तीच माझी चूक, आणि ती मी कुणाच्या माथी मारणार नाही.

१९६१ च्या मे महिन्यात शहरातल्याच फोल्सहिल भागात खोल्या मिळाल्या. मालकीण मिसेस पार्जेटर नावाची विधवा, चेहऱ्यावर सुरकुती नसलेली आणि हसूही नसलेली बाई. ती मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "तुमच्यातला असा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मुलांना माझी हरकत नाही, बापाचं वळण असेल तर." मी ते गिळलं. खोल्या एक ऑगस्टपासून मिळणार होत्या. फेस्टीने दोन लहान जुन्या खाटा आणल्या, माझ्या अंगणात घासल्या, निळ्या रंगवल्या. जुलैअखेर कारखाने पंधरा दिवस बंद असतात, तेव्हा जाऊन तिघींना घेऊन यायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याचा शर्ट मी इस्त्री केला आणि इस्त्री करताना थोडी रडले. आनंदानेच रडले.

तो सातव्या दिवशी परत आला. मागच्या दारावर तीन टकटक झाल्या. मला वाटलं विम्याचा माणूस. दार उघडलं तर फेस्टी दोन पावलं मागे उभा होता, एकटा, तीच पेटी घेऊन.

"तुम्हाला त्रास तर दिला नाही ना?" तो म्हणाला.

त्याच्या खाटेवर मी पंधरा दिवसांसाठी रॉसकॉमनचा एक माणूस घेतला होता. ते सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काही हरकत नाही," तो म्हणाला. मी त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं. तो कडेवर बसला. काय झालं ते त्याने एकदम सांगितलं नाही. मला ते दोनतीन दिवसांत, भांडी घासता घासता, तुकड्यातुकड्याने काढून घ्यावं लागलं.

शनिवारी येतो असं त्याने कळवलं होतं. आदल्या दिवशीची बोट मिळाली, तो शुक्रवारी दुपारीच पोचला. वारा होता म्हणून घराचं दार लोटलेलं होतं. त्याने तीन वेळा वाजवलं, दोन पावलं मागे सरला आणि टोपी काढली.

आत ब्रीज पावाचं पीठ मळत होती. नवरा प्रवासात, समुद्रावर, आणि दारावर टकटक. ती होती तिथे जमिनीवर बसली. नोरा दाराकडे निघाली तर तिचा झगा धरून म्हणाली, "उघडू नकोस. उघडत नाही तोवर तो जिवंत आहे."

हे त्याला बाहेर ऐकू येत होतं. ब्रीजचं रडणं सुरू झालं तेही. सीलियाचं सुरू झालं तेही.

"अरे, मग आत का नाही शिरलास?" मी ओरडलेच. "स्वतःचं घर ते. बायको रडतेय तुझ्या नावाने."

"मला आत बोलावलं नव्हतं, बाई," तो म्हणाला.

शेवटी नोराने झगा सोडवून घेतला आणि दार उघडलं. बापाला बघून ती किंचाळली नाही की बिलगली नाही. "आई, कुणीतरी आलंय" म्हणाली.

पुढचे चार दिवसही तसेच गेले. तो खुर्चीच्या कडेवर बसायचा. पाणी हवं असलं तर विचारायचा. दुसरा चहा नको म्हणायचा. शेजारच्या मायकल पॅडनकडे गेला आणि त्याचंही दार वाजवलं. लहानपणापासूनचा मित्र तो. मायकलने दारातच विचारलं, "फेस्टी, आम्ही तुझं काय वाईट केलं?" संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली की लव्हेलने पॅडनशी नातं तोडलं. चौथ्या दिवशी ब्रीज म्हणाली, "मी येत नाही. मुलीही येणार नाहीत. तिथे माणसाचं काय होतं ते मी चार दिवस बघतेय."

"तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"तुला त्रास दिला म्हणालो. आणि निघालो."

मिसेस पार्जेटरकडे तो स्वतः जाऊन आला. खोल्या नकोत म्हणून सांगितलं आणि माफी मागितली. तिने त्याच्या शिष्टाचाराची पुन्हा तारीफ केली. निळ्या खाटा एका पोलिश जोडप्याने नेल्या. रॉसकॉमनवाला गेल्यावर फेस्टीला त्याची खाट परत मिळाली आणि त्यावर तो पुढे एकोणीस वर्षं झोपला. घरी पैसे पाठवत राहिला, गेला मात्र कधीच नाही. रुआन लग्न करून गेला, बाकीचे मेले किंवा पांगले. फेस्टीची तक्रार म्हणून कधी नसे. त्याने एकदा तरी माझ्या अंगावर ओरडावं, एखादी बशी तरी फोडावी, असं मला फार वाटायचं. तो फक्त हवेबद्दल बोलायचा.

ब्रीजने मला एकच पत्र लिहिलं, १९६१ च्याच सप्टेंबरात. आमची ओळख नव्हती. पाकिटावर पत्ता नोराच्या अक्षरात होता.

'डीलियाबाई,' तिने लिहिलं होतं, 'तुम्ही पाठवलेला माणूस पोचला होता. फार सज्जन होता. पाय पुसल्याशिवाय आत आला नाही, विचारल्याशिवाय कशाला हात लावला नाही. त्याला नाव ठेवायला जागा नाही. आता फेस्टीला पाठवा. तो तुमच्याकडेच राहिला असणार.'

मी तीनदा कागद घेऊन बसले. तो वरच्या खोलीत होता, पावलांचा आवाज येत होता. मी उत्तर लिहिलं नाही. पाठवायला माझ्याकडे कुणी नव्हतं.