चौथी पुंगळी
धारणीच्या रस्त्यावर दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत माझा भाऊ मेला. तो अमरावतीला पोलीस शिपाई होता. अजूनही पितळेची भांडी घासताना हाताला वास येतो आणि चांदमारीहून, नेमबाजीच्या सरावाहून, परतलेला तो आठवतो. तिथे गोळी झाडली की वाकून काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी उचलायची आणि खिशात टाकायची, असा शिरस्ता होता. "काहून रे, बोरं वेचायले जातं का तिथं?" मी चिडवायची. "हास तू. एक जरी कमी भरली तं जमादार जीव खाते माहा," तो म्हणायचा. पुंगळ्या सांडू नयेत म्हणून त्याच्या सदऱ्याला खोल खिसा मीच शिवून दिला होता. तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा सोबती आमच्या ओट्यावर मान खाली घालून बसला. "बाई, आमी दगडाच्या आड होतो. गोळी सुटली का याचा हात खाली जाये. चौथी पुंगळी बाहेर घरंगळली. मी वरडलो, सोड तिले! पण तो गेलाच." तीन पुंगळ्या खिशात सापडल्या, चौथी मुठीत. चारही सरकारात जमा झाल्या. सदरा माझ्या पेटीत आहे. त्या खिशाची शिवण अजून पक्की आहे.